इस्रायल: पंतप्रधानावर खटला सुरू असताना मुदतपूर्व निवडणूक लागली तर नेमकं काय होतं?

चौलकर:
नेतन्याहूंच्या बातम्या वाचताना दर वेळी तोच गोंधळ उडतो. एकीकडे क्नेसेट, म्हणजे तिथली संसद, बरखास्त होणार म्हणून हूल, दुसरीकडे राष्ट्राध्यक्षांकडे माफीचा अर्ज, तिसरीकडे कोर्टात उलटतपासणी. यात कशामुळे काय घडतं हे कोणी नीट उलगडून सांगेल का?

विचारायचं ते असं. क्नेसेट मुदतीआधी कोण बरखास्त करतं, पंतप्रधान की खुद्द संसद? निवडणूक जाहीर झाली की खटला थांबतो का? आरोपपत्र दाखल झालेला माणूस उभा राहू शकतो का? जिंकला तर खटल्याचं काय, आणि हरला तर खुर्ची कधी सुटते?

मतं नकोत, कार्यपद्धती हवी आहे. 'हुकूमशहा' आणि 'षड्‌यंत्र' हे दोन शब्द न वापरता कोणी उत्तर दिलं तर विशेष आभार. इथे अलिबाग-मुरुडकडचे काही बेने इस्रायलीही वाचतात. प्रत्यक्ष मतदान कसं होतं ते त्यांनी सांगितलं तर उत्तमच.

शेरेबुक:
चौलकर, निवडणूक कधी हे क्नेसेट ठरवतं, सुनावणी कधी हे जेरुसलेमचं जिल्हा न्यायालय ठरवतं. कायद्यात या दोघांना जोडणारा एकच सांधा आहे, तो म्हणजे दोषसिद्धी. मधल्या काळात जे काही जोडलेलं दिसतं ते राजकारणामुळे.

१२० जागांच्या क्नेसेटची मुदत चार वर्षांची. नियमित निवडणूक हिब्रू पंचांगातल्या हेश्वान महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये निवडून आलेल्या क्नेसेटसाठी ती तारीख २७ ऑक्टोबर २०२६. यापेक्षा लवकर मतदान झालं तर ते 'मुदतपूर्व'. तिथे मुदत पूर्ण होणं हाच अपवाद. ९ एप्रिल २०१९, १७ सप्टेंबर २०१९, २ मार्च २०२०, २३ मार्च २०२१ आणि १ नोव्हेंबर २०२२ अशा साडेतीन वर्षांत पाच निवडणुका झाल्या.

सरळ मार्ग म्हणजे क्नेसेटने स्वतःच्या बरखास्तीचा कायदा करणं. विधेयक खासगी असेल तर आधी प्राथमिक वाचन, मग समिती, पहिलं वाचन, पुन्हा समिती, शेवटी दुसरं आणि तिसरं वाचन. प्राथमिक वाचनाला साधं बहुमत चालतं, तिसऱ्याला मात्र ६१ मतं लागतात. मतदानाची तारीख त्या कायद्यातच घालतात आणि ती पाच महिन्यांपलीकडे नेता येत नाही. मराठी वाहिन्यांवर 'संसद बरखास्त' ही पट्टी बहुतेक वेळा प्राथमिक वाचनालाच झळकते. खरी घासाघीस त्यानंतर समितीत होते. अध्यक्ष सत्ताधारी आघाडीचा असला तर विधेयक तिथे आठवडेच्या आठवडे पडून राहतं आणि तेवढ्यात तोडपाणी होतं. शिवाय प्राथमिक वाचनातच ते पडलं तर तसंच विधेयक पुन्हा आणायला सहा महिने थांबावं लागतं. जून २०२५ मध्ये हेच झालं. हरेदी, म्हणजे कट्टर धार्मिक ज्यूंचे, पक्ष लष्करभरतीच्या प्रश्नावर रुसले होते, पण आदल्या रात्री समझोता झाला आणि विधेयक ५३ विरुद्ध ६१ मतांनी पडलं. म्हणून पुरेशी मतं खात्रीची नसतील तर विरोधक स्वतःच विधेयक मागे घेतात, नाहीतर हत्यार सहा महिन्यांसाठी म्यान.

दुसरा मार्ग अर्थसंकल्प. आर्थिक वर्ष १ जानेवारीला सुरू होतं आणि ३१ मार्चपर्यंत अर्थसंकल्प मंजूर झाला नाही तर क्नेसेट आपोआप बरखास्त होऊन ९० दिवसांत निवडणूक लागते. इथे कोणाला मतदानही करावं लागत नाही, नुसतं गप्प बसायचं. २०२० मध्ये मुदत वाढवून २३ डिसेंबर केली होती, ती मध्यरात्र उलटली आणि सरकार संपलं. नेतन्याहू आणि त्यांचे प्रतिस्पर्धी बेनी गँट्झ यांच्या संयुक्त सरकारच्या करारानुसार पुढे गँट्झ पंतप्रधान व्हायचे होते. नेतन्याहूंच्या बाजूने सरकार पाडलं तर गँट्झ आपोआप त्या जागी येणार अशी तरतूदही होती. फक्त अर्थसंकल्पाअभावी सरकार गेलं तर ती लागू नव्हती. इतकं मोठं भोक करारात राहू कसं दिलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तिसरा, निवडणुकीनंतर सरकारच न बनणं. आणि कागदावरचा चौथा मार्ग म्हणजे बहुमत विरोधात गेलं आहे असं वाटलं तर पंतप्रधान राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने क्नेसेट बरखास्त करू शकतो. पण त्यानंतर २१ दिवस ६१ सदस्यांना दुसरं नाव पुढे करायची मुभा असते, म्हणून या वाटेला सहसा कोणी जात नाही.

अविश्वास ठरावाने मात्र निवडणूक लागत नाही, यात बरेच जण फसतात. तिथे ठरावातच पर्यायी पंतप्रधानाचं नाव द्यावं लागतं आणि ६१ मतं पडली तर थेट नवं सरकार येतं. सरकार नको असणारे ६१ सहज जमतात, एकाच पर्यायी नावावर ६१ जमणं फार अवघड.

पुराव्याचा कायदा:
वरच्या प्रतिसादाला +१. मी खटल्यापुरतं लिहितो.

प्रकरणं तीन, पोलिसांनी दिलेल्या क्रमांकांनीच ओळखली जातात. 'प्रकरण १०००'मध्ये निर्माते आर्नोन मिल्चन आणि उद्योगपती जेम्स पॅकर यांच्याकडून सिगार, शॅम्पेन वगैरे सुमारे ७ लाख शेकेलच्या भेटी घेतल्याचा आरोप. 'प्रकरण २०००'मध्ये 'येदिओत अहरोनोत' या दैनिकाचे मालक मोझेस यांच्याशी सौद्याची बोलणी: अनुकूल बातम्या द्या, तुमच्या स्पर्धक 'इस्रायल हायोम'ला आवर घालतो. ४००० सगळ्यांत जड. दळणवळण खातं स्वतःकडे असताना बेझेक या दूरसंचार कंपनीच्या मालकाला सोयीचे निर्णय द्यायचे आणि त्याच्याच 'वाला' संकेतस्थळावर बातम्या हव्या तशा लावून घ्यायच्या, असा हा आरोप. सरकारी पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे त्या निर्णयांची किंमत सुमारे १.८ अब्ज शेकेल. फसवणूक आणि विश्वासभंग तिन्हींत आहे, लाचखोरी फक्त ४००० मध्ये. हा भेद शिक्षेच्या दृष्टीने फार मोठा आहे. लाचेला कमाल दहा वर्षं, फसवणूक-विश्वासभंगाला तीन.

बचाव असा की मित्रांनी मित्राला भेटी दिल्या, अनुकूल बातमी ही लाच होऊ शकत नाही, आणि 'वाला'वर टीकाही भरपूर येत होती. सगळे आरोप त्यांनी नाकारले आहेत. जून २०२३ मध्ये खुद्द न्यायाधीशांनीच सरकारी वकिलांना सुचवलं होतं की लाचेचा आरोप सिद्ध करणं कठीण दिसतं. तरीही सरकारी पक्षाने तो मागे घेतला नाही.

आता निवडणुकांशी सांगड. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारी अभियोक्त्यांची शिफारस ॲटर्नी जनरल मांदेलब्लित यांच्याकडे गेली आणि त्याच महिन्यात एप्रिल २०१९ ची मुदतपूर्व निवडणूक जाहीर झाली. अधिकृत कारण हरेदींच्या लष्करभरतीचा कायदा. विरोधक म्हणाले की आरोपपत्राआधी जनतेचा कौल हातात हवा म्हणून ही घाई. काही असो, खटल्याची पावलं त्यामुळे अडली नाहीत. आधी आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यायच्या अटीवर आरोप ठेवण्याचा निर्णय २८ फेब्रुवारी २०१९ ला, म्हणजे मतदानाच्या चाळीस दिवस आधी, जाहीर झाला. तो मतदानानंतर जाहीर करावा म्हणून नेतन्याहूंचा लिकूद पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेला आणि याचिका फेटाळली गेली. अंतिम निर्णय २१ नोव्हेंबर २०१९ ला आला, दुसरी निवडणूक होऊन सरकार बनत नव्हतं त्या पोकळीत. आरोपपत्र कोर्टात दाखल झालं २८ जानेवारी २०२० ला, तिसऱ्या निवडणुकीच्या महिनाभर आधी. खटला सुरू झाला २४ मे २०२० ला. नवं सरकार शपथ घेऊन तेव्हा एकच आठवडा झाला होता.

म्हणजे निवडणुकीने खटला थांबत नाही. प्रचारासाठी एखादी तारीख मागून घेता येते, ते कोर्टाच्या मर्जीवर. सरकारी पक्षाच्या यादीत ३०० हून जास्त साक्षीदार होते आणि नीर हेफेत्झ, श्लोमो फिल्बर, आरी हारो हे तिघे जुने निकटवर्तीय माफीचे साक्षीदार झाले. वेळ तिथेच गेला. नेतन्याहूंची स्वतःची साक्ष १० डिसेंबर २०२४ ला सुरू झाली. खटला जेरुसलेमच्या न्यायालयाचा, पण सुरक्षेमुळे साक्ष तेल अवीवच्या कोर्टातल्या तळघरातल्या दालनात. आठवड्याला तीन दिवस असं ठरलं होतं. प्रत्यक्षात कधी युद्ध, कधी परदेश दौरा, कधी आजारपण. साक्ष चालू असताना मदतनीस हातात चिठ्ठी देतो, वकील विश्रांती मागतात आणि दिवस आवरता घेतला जातो. उलटतपासणी सुरू व्हायला जून २०२५ उजाडला.

उमेदवारीबद्दल: आरोपपत्राने काहीच बिघडत नाही. तीन महिन्यांहून जास्त प्रत्यक्ष तुरुंगवासाची शिक्षा झाली तर सात वर्षं उभं राहता येत नाही. केंद्रीय निवडणूक समितीच्या अध्यक्षांनी 'या गुन्ह्यात नैतिक अधःपतन नाही' असं ठरवलं तर मात्र ही बंदी लागत नाही. समितीचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश असतात. जानेवारी २०२२ मध्ये गुन्हा कबूल करून तडजोड करायची बोलणी झाली ती याच 'नैतिक अधःपतना'वर अडली. तो शिक्का घेतला असता तर सात वर्षं राजकारणातून बाहेर.

आपल्याशी तुलना करायची तर आपल्याकडेही नुसत्या आरोपपत्राने पद जात नाही. दोषसिद्धीनंतर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ लागतं आणि २०१३ च्या लिली थॉमस निकालापासून अपात्रता तात्काळ येते. अंतुल्यांनी जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा दिला तो सिमेंट प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर, दबावापोटी. पद सोडाच असं सांगणारं कलम तेव्हा नव्हतं. खटला चालवायच्या परवानगीचं नाटक त्यानंतर सुरू झालं. इस्रायलमध्ये ती चावी ॲटर्नी जनरलच्या हातात असते. म्हणून तर तिथे त्या खुर्चीवरून एवढी ओढाताण. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने ॲटर्नी जनरल गाली बहारव-मिआरा यांना काढायचा ठराव केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो लगेच रोखून धरला.

चौलकर:
दोघांचेही आभार, बरंच सुटलं. पण मग मंत्र्यांचं काय? शास या हरेदी पक्षाच्या आर्ये देरींना न्यायालयाने मंत्रिमंडळातून काढायला लावलं असं वाचलं होतं. मंत्र्याला एक न्याय आणि पंतप्रधानाला दुसरा, हे कसं? आणि हरल्यावर खुर्ची कधी सुटते ते राहिलंच.

शेरेबुक:
हो, दोन वेगळे न्याय आहेत. १९९३ च्या देरी-पिन्हासी निकालांनी नियम घालून दिला की गंभीर आरोपपत्र असलेल्या मंत्र्याला पंतप्रधानाने काढलंच पाहिजे. पंतप्रधानाबद्दल मात्र मूलभूत कायद्याचं कलम १८ स्वतंत्रपणे बोलतं. नैतिक अधःपतनाचा गुन्हा कोर्टात सिद्ध झाला तर क्नेसेट बहुमताने त्याला काढू शकते. काढलं नाही तर अपिलाचा अंतिम निकाल लागेपर्यंत तो राहतो, आणि तो निकाल विरोधात गेला की पद आपोआप जातं, सोबत सरकारही. कारण पंतप्रधान गेला की अख्खं मंत्रिमंडळ जातं, मंत्र्याचं तसं नसतं. मे २०२० मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने हेच वाचन मान्य केलं. तरी नेतन्याहूंना आपल्याकडची कृषी, आरोग्य, समाजकल्याण वगैरे खाती सोडावी लागली होती, कारण त्या खात्यांपुरते ते मंत्रीच. देरींचं २०२३ चं प्रकरण वेगळं: करगुन्ह्यात ते दोषी ठरले होते आणि राजकारण सोडण्याबद्दल कोर्टात दिलेल्या शब्दाचाही मुद्दा होता. १० विरुद्ध १ असा निकाल लागला आणि चार दिवसांत त्यांना काढलं.

'अंतिम निकाल' हा शब्द हलका घेऊ नका. एहुद ओल्मर्ट यांना होलीलँड या बांधकाम प्रकल्पातल्या लाच प्रकरणात मार्च २०१४ मध्ये दोषी ठरवलं, मे महिन्यात सहा वर्षांची शिक्षा झाली, डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दीड वर्षावर आणली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ते तुरुंगात गेले. दोषसिद्धी ते तुरुंग, जवळजवळ दोन वर्षं. ओल्मर्ट तेव्हा माजी पंतप्रधान होते, त्यांनी आरोपपत्राआधीच २००८ मध्ये राजीनामा दिला होता. तेव्हाचे पंतप्रधान राबिन यांनी १९७७ मध्ये पत्नीच्या अमेरिकेतल्या डॉलर खात्यावरून माघार घेतली. थोडक्यात, आधीचे लोक संकेताने गेले, नेतन्याहूंनी कायद्यात लिहिलेलं तेवढंच पाळायचं ठरवलं.

आता खुर्ची. निवडणूक हरल्याने सरकार जात नाही, नव्या सरकारने क्नेसेटमध्ये विश्वास मिळवून शपथ घेतली की जातं. तोवर जुनंच काळजीवाहू. निकाल राजपत्रात आला की सात दिवसांत राष्ट्राध्यक्ष एकाला सरकार बनवायला पाचारण करतात. त्याला २८ दिवस, वर १४ वाढवून मिळू शकतात. जमलं नाही तर दुसऱ्याला २८. त्यालाही जमलं नाही तर २१ दिवस क्नेसेटला, त्यात कोणीही ६१ सह्या आणाव्यात. तेही झालं नाही तर पुन्हा निवडणूक. डिसेंबर २०१८ ते मे २०२० असे सुमारे सतरा महिने नेतन्याहू काळजीवाहूच होते आणि आरोपपत्र त्याच काळात आलं. मे २०१९ मधली चाल तर पाहण्यासारखी आहे. ४२ दिवस संपत आले, बहुमतासाठी हवे असलेले लीबरमन लष्करभरतीवर अडून बसले. पाचारण परत केलं असतं तर राष्ट्राध्यक्षांनी गँट्झना बोलावलं असतं. म्हणून मुदत संपता संपता क्नेसेटनेच ७४ विरुद्ध ४५ मतांनी स्वतःला बरखास्त केलं. नुकतीच निवडून आलेली क्नेसेट, आणि गँट्झना संधीच नाही.

हेमाडपंती:
आकड्यांचं मी घेतो. कारण खटला, युद्ध, प्रचार सगळं होऊनही शेवटी गाडी ३.२५ टक्क्यांवर अडते.

संपूर्ण देश हाच एक मतदारसंघ, मत पक्षाच्या यादीला. ३.२५ टक्क्यांखाली राहिलेल्या यादीची सगळी मतं वाया. २०२२ मध्ये वैध मतं साधारण ४७.६ लाख होती, म्हणजे किमान अट सुमारे १.५५ लाख मतं. डाव्या मेरेत्झ पक्षाला ३.१६ टक्के मिळाली, चारेक हजार मतांनी बाहेर. बलाद या अरब पक्षाला २.९ टक्के. या दोघांची मिळून सुमारे २.९ लाख मतं नेतन्याहूविरोधी बाजूची होती आणि ती हिशोबातून पुसली गेली. दोन गटांच्या मतांत फरक किरकोळ, जागांत मात्र ६४ विरुद्ध ५६. आरोपी पंतप्रधान परत आला तो मतदारांनी खटला फेटाळला म्हणून, असं लिहिणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा. उलट उदाहरणही आहे. एप्रिल २०१९ मध्ये बेनेट-शाकेद यांचा 'नवा उजवा' पक्ष दीड हजारांच्या आसपास मतांनी हुकला. तो आत आला असता तर पुढच्या चार निवडणुका बहुधा झाल्याच नसत्या.

अट पार केलेल्यांची मतं भागिले १२०, हा एका जागेचा भाव. २०२२ मध्ये तो ३६ हजारांच्या थोडा वर होता. पूर्ण भाग जाईल तेवढ्या जागा आधी मिळतात. उरलेल्या जागा बादेर-ओफेर पद्धतीने: यादीची मतं भागिले (मिळालेल्या जागा + १), ज्याचा आकडा मोठा त्याला जागा. इथे 'शिल्लक मतांचा करार' कामी येतो. दोन पक्ष आधी लेखी कळवतात की या वाटपात आम्हाला एक धरा. नुसतं समजावण्यासाठी हे कल्पित आकडे घ्या. भाव ३६,५००. अ पक्ष ३,९०,००० मतं, १० जागा. ब पक्ष २,१२,०००, ५ जागा. क पक्ष १,७८,०००, ४ जागा. एकेकटे धरले तर अ चे ३५,४५४, ब चे ३५,३३३, क चे ३५,६००. जागा क ला. अ आणि ब चा करार असेल तर ६,०२,००० भागिले १६, म्हणजे ३७,६२५. जागा त्यांची, आणि आपसात तुलना केली की अ ला. कोणाचाही एक मतदार न वाढता जागा इकडची तिकडे! ६१ आणि ६० मधलं अंतर कधी कधी एवढंच असतं. फक्त करारातला जोडीदार किमान अटीखाली गेला तर करार फुकट.

म्हणून मुदतपूर्व निवडणुकीत सगळ्यांत महत्त्वाचा दिवस मतदानाचा नव्हे, याद्या दाखल करायचा. तो मतदानाच्या सुमारे ४७ दिवस आधी येतो. निवडणूक लवकर लागली की छोट्या पक्षांना एकत्र यायला वेळ कमी पडतो आणि याचा फायदा ज्याची आघाडी आधीच बांधलेली आहे त्याला. सप्टेंबर २०२२ मध्ये अरब पक्षांची संयुक्त यादी शेवटच्या रात्री फुटली आणि बलाद एकटा पडला. पुढचं वर आलंच आहे. जनमत चाचण्या वाचताना पहिल्या क्रमांकाचा पक्ष बघू नका, ३ ते ४ टक्क्यांमध्ये कोण लटकतंय ते बघा.

चौलकर:
माफीचं कोणीच बोललं नाही. शिवाय 'अक्षमता' कायदा म्हणून काहीतरी झालं होतं ना? त्याचा निवडणुकीशी संबंध आहे का?

पुराव्याचा कायदा:
आहे, आणि बातम्यांत तो सहसा सुटतो. पंतप्रधान 'अक्षम' ठरला तर दुसरा त्याची जागा घेतो असं मूलभूत कायद्यात आधीपासून होतं, पण अक्षम म्हणजे काय ते लिहिलेलं नव्हतं. ॲटर्नी जनरल खटल्याच्या हितसंबंधांवरून ही तरतूद वापरतील अशी सत्ताधाऱ्यांना धास्ती होती. म्हणून २३ मार्च २०२३ ला दुरुस्ती केली: अक्षमता फक्त शारीरिक किंवा मानसिक कारणानेच, आणि ठरवणार पंतप्रधान स्वतः किंवा मोठ्या बहुमताने मंत्रिमंडळ. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२४ ला ६ विरुद्ध ५ मतांनी निकाल दिला की दुरुस्ती एका माणसासाठी बेतलेली दिसते, म्हणून ती पुढच्या क्नेसेटपासून लागू होईल. आता हिशोब करा. निवडणूक जेवढी लवकर, तेवढं हे कवच लवकर लागू. मुदतपूर्व निवडणुकीचा खटल्याशी थेट कायदेशीर संबंध मला तरी इथेच दिसतो.

माफी. राष्ट्राध्यक्षांना 'गुन्हेगारांना' माफी द्यायचा अधिकार आहे. निकालाआधी माणूस गुन्हेगार कसा, हा वाद जुना. १९८४ च्या बस क्रमांक ३०० प्रकरणात (पकडलेल्या बस अपहरणकर्त्यांना ठार मारल्याचं प्रकरण) शिन बेत या अंतर्गत गुप्तचर संस्थेच्या प्रमुखाला आणि काही अधिकाऱ्यांना १९८६ मध्ये आरोपपत्राआधीच माफी मिळाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २ विरुद्ध १ अशी ती उचलून धरली. माफी देणारे राष्ट्राध्यक्ष होते खाइम हर्झोग, आताच्या इसाक हर्झोग यांचे वडील. पण त्या अधिकाऱ्यांनी कृत्य कबूल केलं होतं आणि प्रमुखाने पद सोडलं होतं. ३० नोव्हेंबर २०२५ ला नेतन्याहूंच्या वकिलांनी दिलेल्या अर्जात कबुलीही नव्हती आणि राजकारण सोडायची तयारीही. त्याआधी ट्रम्प यांनी हर्झोगना पत्र लिहून माफीची मागणी केली होती. त्या पत्राला कायद्यात शून्य किंमत.

अर्ज आधी न्याय मंत्रालयाच्या माफी विभागाकडे जातो, मग मतासह राष्ट्राध्यक्षांच्या कायदा सल्लागाराकडे, मग राष्ट्राध्यक्षांकडे. माफी दिली तर हुकुमावर मंत्र्याचीही सही लागते आणि त्यावर याचिका होणारच. निवडणुकीच्या तोंडावर राष्ट्राध्यक्ष हात राखून वागतात, कारण निकालानंतर पाचारण कोणाला हेही त्यांनाच ठरवायचं असतं.

क्नेसेटकडून मिळणारं खटल्यापासूनचं संरक्षण ही वाट बंद झालेली आहे. आरोपपत्राची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत ते मागावं लागतं. नेतन्याहूंनी १ जानेवारी २०२० ला मागितलं आणि मतं जमत नाहीत असं दिसल्यावर २८ जानेवारीला मागे घेतलं. त्याच दिवशी आरोपपत्र दाखल झालं. उद्या १२० पैकी ७० जागा आल्या तरी ते दार पुन्हा उघडायला आधी कायदा बदलावा लागेल. खटला मागे घेण्याचा अधिकार ॲटर्नी जनरलचा, म्हणून जिंकल्यावर पहिला डोळा त्या पदावर आणि न्यायाधीश नेमणाऱ्या समितीवर असणार.

नवगाव ते अश्दोद:
मतदानाचं विचारलं होतंत म्हणून. नाव नोंदवायची भानगड नाही, लोकसंख्या नोंदवहीतून १८ वर्षांवरचा प्रत्येक नागरिक आपोआप यादीत. ओळखपत्र, वाहन परवाना किंवा इस्रायली पासपोर्ट यांपैकी काहीही चालतं. यंत्र नाही, कागदच. पडद्यामागे खणाखणांचा ट्रे असतो. प्रत्येक खणात एका पक्षाच्या चिठ्ठ्या, त्यावर एक ते तीन हिब्रू अक्षरं ठळक: लिकूदची मेम-हेत-लामेद, येश आतीदची पे-हे, शासची शिन-सामेख. आपली चिठ्ठी उचलायची, पाकिटात घालायची, बाहेर येऊन सगळ्यांसमोर पेटीत टाकायची. दोन वेगळ्या पक्षांच्या चिठ्ठ्या एका पाकिटात गेल्या तर मत बाद. कोणी खोडसाळपणे एखाद्या पक्षाच्या चिठ्ठ्या लपवतो किंवा त्यांवर रेघोट्या ओढून ठेवतो. आपल्या पक्षाचा खण रिकामा दिसला तर केंद्रावरच्या समितीला सांगायचं, ते भरून देतात. कोऱ्या चिठ्ठीवर अक्षरं हाताने लिहिली तरी चालतं. दिमोना, रामला, लोद, बेअरशेबा इथल्या आमच्या वयस्क मंडळींना पक्षापेक्षा अक्षरंच पाठ असतात.

सैनिक, रुग्णालयातले रुग्ण, कैदी आणि परदेशातले राजनैतिक अधिकारी यांची मतं दुहेरी पाकिटात येतात. बाहेरच्या पाकिटावर मतदाराचे तपशील असतात. त्याने स्वतःच्या केंद्रावरही मत दिलं नाही ना हे तपासूनच आतलं पाकीट मोजणीत जातं. म्हणून रात्री दहाला मतदान संपताच येणाऱ्या एक्झिट पोलवर पेढे वाटू नयेत. ही पाकिटं शेवटी मोजतात आणि अटीच्या कडेवरचा पक्ष त्यातच तरतो किंवा बुडतो.

चौलकर:
वा, हेच हवं होतं. शेवटचं एक. इस्रायली नागरिकत्व असलेला पण सध्या ठाण्यात राहणारा माणूस मुंबईच्या वकिलातीत मत देऊ शकतो का?

नवगाव ते अश्दोद:
नाही. परदेशातून मत फक्त सरकारी किंवा ज्यू एजन्सीसारख्या संस्थांच्या कामावर पाठवलेल्यांना, त्यांच्या कुटुंबाला आणि इस्रायली जहाजांवरच्या खलाशांना. टपालाने नाही, ऑनलाइनही नाही. त्याने मतदानाच्या दिवशी इस्रायलमध्ये, नोंदवलेल्या पत्त्याच्या केंद्रावर हजर राहायचं. तारीख पक्की झाली की तिकिटं महाग होतात आणि तिसरं वाचन होईपर्यंत तारीख पक्की नसते, तेव्हा प्राथमिक वाचनाची बातमी ऐकून तिकीट काढू नका म्हणावं.